‘शेतकऱ्यांना’ हा शब्द आणि संगणक : सोय, स्क्रिप्ट-भाषा व धोरण यांविषयीच्या रूढ मतांची चिकित्सा

प्रस्तावना

बिडकीन हे पैठण तालुक्यातील, छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरील बाजारपेठेचे गाव आहे. दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या प्रकल्पात शेंद्रा व बिडकीन या क्षेत्रांची निवड झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी ७,८५५ एकरांच्या बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रार्पण झाले. एवढ्या विस्तीर्ण क्षेत्रात जमिनीचा वापर बदलतो, तेव्हा सातबारा, फेरफार, वारसनोंद, मोजणी यांसारखे शब्द केवळ महसुली परिभाषेचे राहत नाहीत. ते घराघरांतील बोलण्याचे विषय होतात. या कागदांचे स्थानही आता बदलले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावर मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपद्वारे शेतकऱ्याने स्वतःच आपल्या पिकाची नोंद करावी, अशी व्यवस्था राज्यभर सुरू झाली. म्हणजे जमिनीचा पुरावा मिळवणे व तो अद्ययावत ठेवणे हे काम आता बऱ्याच अंशी संगणकप्रणालीच्या वापरावर अवलंबून आहे.

या प्रणालींविषयी समाजात काही मते रूढ झालेली दिसतात. सेवा केंद्रात, टंकलेखनाच्या दुकानात, महाविद्यालयाच्या कार्यालयात आणि सुशिक्षितांच्या चर्चेतही ती सारख्याच सहजतेने व्यक्त होतात. पहिले मत असे की, सवय झाली की कोणतीही प्रणाली जमते. दुसरे असे की, संगणकाला भाषा नसते. त्याला मराठी काय आणि इंग्रजी काय, सारखेच. तिसरे असे की, शासनाने युनिकोडचा आदेश काढलेला असल्यामुळे मराठीचा प्रश्न सुटलेला आहे. प्रस्तुत लेखात या तीन मतांची चिकित्सा केली आहे. त्यासाठी कसोटी म्हणून शासकीय मराठीत सतत येणारा एकच शब्द घेतला आहे. तो शब्द म्हणजे ‘शेतकऱ्यांना’.

१. ‘सवय झाली की जमते’

सॉफ्टवेअरची वापरसुलभता ही व्यक्तिगत आवडीनिवडीची बाब आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या विषयाच्या अभ्यासाने मात्र ती मोजता येण्याजोगी गोष्ट मानली आहे. आय.एस.ओ. ९२४१ या मानकाच्या अकराव्या भागाने (१९९८, सुधारित २०१८) वापरसुलभतेचे तीन घटक सांगितले : काम पूर्ण होणे, ते कमी श्रमांत होणे आणि करणाऱ्याचे समाधान होणे. हे तीन घटकही विशिष्ट वापरकर्ता, विशिष्ट उद्दिष्ट आणि विशिष्ट परिस्थिती यांच्या संदर्भातच मोजावयाचे असतात. या व्याख्येत सवयीला स्वतंत्र स्थान नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. सवयीमुळे अडचण नाहीशी होत नाही. ती केवळ जाणवेनाशी होते.

मराठी टंकलेखनाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. यांत्रिक टंकलेखन यंत्रावरून आलेल्या रेमिंग्टन पद्धतीत अक्षर कागदावर जसे दिसते तसे ते टंकित केले जाते. म्हणून ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. १९८६ पासून प्रमाण मानल्या गेलेल्या इन्स्क्रिप्ट पद्धतीत मात्र उच्चाराचा क्रम पाळला जातो. व्यंजन आधी, वेलांटी नंतर. कळफलकाच्या डाव्या बाजूस स्वर व उजव्या बाजूस व्यंजने असल्याने दोन्ही हात आलटून पालटून चालतात, आणि इतर भारतीय लिप्यांसाठीही हीच रचना उपयोगी पडते. तिसरा मार्ग रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याचा आहे. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्राने ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार केला. व्यंजनावर बोट ठेवताच त्याची बाराखडी चक्राकार उमटते, ही त्यातील कल्पना मराठी मुलाने शाळेत गिरवलेल्या बाराखडीवरच उभी आहे.

आता कसोटीचा शब्द पाहावा. रोमन अक्षरांतून ‘शेतकऱ्यांना’ लिहिताना पुष्कळदा ‘शेतकर्यांना’ असे उमटते. र चा रफार होऊन तो य वर चढतो. लिहिणारा ते दुरुस्त करण्याचा मार्ग शोधतो, तो सापडत नाही, आणि शेवटी तसेच ठेवतो. पुढे हेच रूप सूचनाफलकांवर, अर्जांवर व परिपत्रकांतही दिसू लागते. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘गावकऱ्यांनी’ या शब्दांची हीच गत होते. ‘आचार्य’ आणि ‘कोऱ्या’ यांतील भेद हा मराठीच्या उच्चारातील जिवंत भेद आहे. तो साधनाच्या गैरसोयीमुळे लेखनातून पुसला जात असेल, तर त्यास निव्वळ सवयीचा प्रश्न म्हणता येणार नाही.

अर्थात, जुन्या साधनांना चिकटून राहणाऱ्या टंकलेखकास दोष देणे न्याय्य होणार नाही. नव्वदच्या दशकात व त्यानंतरही अनेक वर्षे श्रीलिपी, आकृती, आय.एस.एम. यांसारख्या प्रणालींनी मराठी मुद्रणाची मोठी गरज भागवली. मांडणीसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पेजमेकरमध्ये युनिकोड देवनागरीची सोय नव्हती. ज्याचे पोट वेगावर व सुबक छपाईवर अवलंबून आहे, त्याने हाती असलेले खात्रीचे साधन सोडू नये, हे तर्कसंगतच होते. प्रश्न या सोयीची किंमत कोणी मोजली, हा आहे. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. कागदावर मराठी उमटे. परंतु संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर निरर्थक रोमन अक्षरांची रांग असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर धारिका उघडली की ही रांगच दिसे. त्यात शब्द शोधता येत नसे, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचक-प्रणालीला त्यातून एकही मराठी शब्द उच्चारता येत नसे. म्हणजे सोय लिहिणाऱ्याची झाली आणि श्रम वाचणाऱ्याच्या, शोधणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या वाट्याला आले. ‘जमते’ असे म्हणताना ते कोणाला जमते, हा प्रश्न विचारला जात नाही, हीच या मताची मुख्य उणीव होय.

२. ‘संगणकाला भाषा नसते’

दुसरे मत प्रामुख्याने संगणक शिकलेल्यांकडून व्यक्त होते. आजच्या बहुतेक शासकीय व शैक्षणिक संकेतस्थळांच्या मागे पीएचपी, जावास्क्रिप्ट, पायथन यांसारख्या स्क्रिप्ट-भाषा असतात. अर्ज स्वीकारणे, नाव तपासणे, याद्या लावणे ही कामे त्यांतील छोट्या आज्ञावली करतात. या भाषा शिकण्यास तुलनेने सोप्या असल्याने पदवी स्तरावरील विद्यार्थीही लवकर कामाची आज्ञावली लिहू शकतो. या सुलभतेचे कौतुक योग्यच आहे. परंतु भाषा वापरण्यास सोपी असणे आणि तिच्यात मराठी नीट हाताळली जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोजणे, लावणे आणि जुळवणे या तीन साध्या क्रियांतून हा भेद स्पष्ट होतो.

प्रथम मोजणी. ‘मराठी’ या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये काना व वेलांटी यांना स्वतंत्र संकेत असल्याने संकेतांची संख्या पाच होते. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येक देवनागरी संकेताला तीन बाइट लागतात. म्हणून बाइट पंधरा होतात. पीएचपीची लांबी मोजण्याची मूळ आज्ञा पंधरा सांगते, जावास्क्रिप्ट पाच सांगते, आणि पहिलीतील मूल तीन सांगते. नावाच्या रकान्याला वीस बाइटांची मर्यादा घातली, तर इंग्रजीत वीस अक्षरांचे नाव मावते. मराठीत मात्र काना-मात्रा धरून सहाच संकेत मावतात, आणि सातवा मध्येच तुटतो. संदेशसेवेतही हाच न्याय दिसतो : रोमन लिपीतील एका लघुसंदेशात १६० अक्षरे बसतात, तर देवनागरीत केवळ ७० संकेत.

दुसरी क्रिया क्रम लावण्याची. मराठी वर्णमालेत ळ चे स्थान ह नंतर आहे आणि त्यापुढे क्ष व ज्ञ येतात. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी आहे. स्क्रिप्ट-भाषांची क्रम लावण्याची मूळ आज्ञा तक्त्यातील क्रमांक पाहते. त्यामुळे ‘काळे’ हे आडनाव ‘काशीद’ या आडनावाच्या आधी येते. मराठी शब्दकोशाच्या क्रमाने ते नंतर यावयास हवे. लांबलचक यादीत अपेक्षित जागी नाव न सापडल्यास सामान्य माणूस नाव नाहीच, असा निष्कर्ष काढतो.

तिसरी क्रिया जुळवणीची, आणि येथे कसोटीचा शब्द पुन्हा उपस्थित होतो. ‘शेतकऱ्यांना’ यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो : ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. पण पहिल्यात अकरा संकेत आहेत व दुसऱ्यात बारा. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ती एकरूप होत नाहीत. साध्या अक्षरशः तुलनेत संगणक त्यांना दोन वेगळे शब्द समजतो. ‘ॲ’ या अक्षराची कथाही अशीच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत कोणी अ ला चंद्र जोडून, तर कोणी हिंदीतील ऍ वापरून काम भागवत असे. एकाच उच्चाराची ही तिन्ही रूपे आजही एकाच संग्रहात नांदताना आढळतात.

भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर गट क्रमांकाबरोबरच पहिले नाव, मधले नाव किंवा आडनाव यांवरूनही शोध घेण्याची सोय आहे. ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे ही मराठी माणसांची खरी आडनावे आहेत, आणि अशा कोणत्याही शोधाचे यश वरील बारीक तपशिलावर अवलंबून असते. नोंद करणाऱ्याने एक रूप वापरले आणि शोधणाऱ्याने दुसरे, तर ‘माहिती आढळली नाही’ एवढेच उत्तर मिळू शकते. त्यातील चूक कोणाची, हे ना शेतकऱ्याला दिसते, ना सेवा केंद्रातील मुलाला.

याचा अर्थ या स्क्रिप्ट-भाषा मराठीला निरुपयोगी आहेत, असा नाही. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व मजकूर युनिकोडमध्येच मानला आणि चलांना देवनागरी नावे देण्याची मुभाही दिली. पीएचपीच्या सहाव्या आवृत्तीत युनिकोड मुळातच आणण्याचा प्रयत्न २०१० साली सोडून द्यावा लागला, हे खरे. तरी त्यासाठी पूरक आज्ञासंच उपलब्ध आहेत. मराठीचा वर्णक्रम सीएलडीआर या खुल्या माहितीसंग्रहात नोंदलेला आहे. ‘क्ष’सारखे जोडाक्षर मोजताना एकसंध मानण्याचा नियम युनिकोडने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत स्वीकारला. साधने आहेत, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाहीत. आपोआप जे मिळते ते इंग्रजीला अनुकूल असते. म्हणून संगणकाला भाषा नसते, असे म्हणण्यापेक्षा संगणकाला भाषा सांगावी लागते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. ती सांगावयाची असते, हे विद्यार्थ्याला कोणी सांगावयाचे, हा अभ्यासक्रमाचा प्रश्न आहे. सरावाची उदाहरणे बहुधा इंग्रजी नावांचीच असल्याने चांगला विद्यार्थीही या अडचणीशी परिचित न होताच पदवी घेतो.

३. ‘आदेश निघाला आहे’

तिसरे मत धोरणाविषयी आहे. भारतीय भाषांसाठी धोरणे झाली नाहीत, असे म्हणता येत नाही. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे मानक स्वीकारले. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली, तिच्यासोबतचा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराने सिद्ध केला होता. २००९ साली केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले, २०१० साली मुक्त मानकांचे धोरण आले आणि २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित केली. २०२४ साली राज्याचे मराठी भाषा धोरणही मंजूर झाले.

या धोरणांचे मोल मान्य करूनही एक मूलभूत मर्यादा नोंदवावी लागते. त्यांत मानकाचे नाव सांगितले आहे. वापराची चाचणी सांगितलेली नाही. मजकूर युनिकोडमध्ये आहे काय, एवढे विचारले जाते. तो शोधल्यास सापडतो काय, मराठी क्रमाने लागतो काय, मोठ्याने वाचला जातो काय, हे विचारले जात नाही.

याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. युनिकोडमध्ये त्यांना निराळे संकेत नाहीत. सक्षम फॉन्ट आणि ‘हा मजकूर मराठी आहे’ ही पृष्ठावरील भाषा-नोंद, या दोहोंमुळे योग्य वळण उमटू शकते. पृष्ठ तयार करताना ही नोंद इंग्रजीची राहिली, तर हिंदी वळणाची अक्षरे दिसू शकतात, आणि वाचक-प्रणाली मराठी मजकूर परक्या उच्चारांनी वाचण्याचा संभव असतो. पृष्ठाची भाषा नोंदवणे ही आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शिकेतील अगदी प्राथमिक स्तरावरील अट आहे. तिच्यासाठी एक लहानसा शब्द लिहावा लागतो. खर्च काहीच नाही. तरीही ती राहून जाते, कारण ती तपासणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नसते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने सेवेला कालमर्यादा घातली, हे महत्त्वाचे पाऊल होय. मात्र ही मर्यादा अर्ज सादर झाल्यापासून मोजली जाते. नाव मावले नाही, अक्षर उमटले नाही, नोंद सापडली नाही, म्हणून जो अर्ज सादरच झाला नाही, त्याचा दिवस कोणत्याही वहीत मोजला जात नाही. वापरसुलभतेचा प्रश्न येथे हक्काचा प्रश्न बनतो.

४. लिपी आणि हक्क

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. ग्रंथ सुरक्षित राहिले. परंतु किल्ली बाहेर नसल्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना ते अपरिचित होते. तेथे लिपी हेतुपुरस्सर गूढ ठेवली होती. महसुली दप्तराबाबत असा हेतू नव्हता, तरी परिणाम तसाच झाला. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राजवटीत असल्याने जुन्या नोंदी उर्दू व मोडी या लिप्यांत आहेत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा दप्तर असूनही ते वाचणारी माणसे शोधावी लागली. त्या प्रश्नाच्या सामाजिक व राजकीय बाजू येथे विचारार्थ घेतलेल्या नाहीत. लिपी वाचता आली नाही की हक्काचा पुरावा असूनही नसल्यासारखा होतो, एवढीच गोष्ट येथे अभिप्रेत आहे.

जुन्या फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर ही या मालिकेतील पुढची कडी होय. उर्दू व मोडीचे जाणकार निदान अभ्यासाने तयार होतात. बंद पडलेल्या प्रणालीचा फॉन्ट हरवला, तर त्यासाठी कोणी वर्ग चालवत नाही. सुदैवाने असा मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या परिवर्तक आज्ञावली लिहिता येतात, आणि त्या प्रायः स्क्रिप्ट-भाषांतच लिहिल्या जातात. परंतु परिवर्तनात अर्धा र, ऱ्हस्व वेलांटी व रफार यांच्या जागा चुकण्याचा धोका असतो. ते काम यंत्रावर सोपवून चालत नाही. मराठी जाणणाऱ्या माणसाने तपासावे लागते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. वापरसुलभता ही सवयीची बाब नसून श्रम कोणाच्या वाट्याला येतात, याची वाटणी आहे. स्क्रिप्ट-भाषा तटस्थ नसतात. त्यांच्या मूळ आज्ञा इंग्रजी गृहीत धरून चालतात, आणि मराठीसाठी जाणीवपूर्वक निवड करावी लागते. धोरणाने मानकाचे नाव सांगून थांबता कामा नये; चाचणी सांगावयास हवी.

ती चाचणी अवघड नाही. कोणतीही शासकीय प्रणाली स्वीकारण्यापूर्वी ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द सामान्य भ्रमणध्वनीवर टंकित करून पाहावा; दोन्ही रूपांनी लिहून तो शोधल्यास सापडतो काय, हे तपासावे; काळे व काशीद यांचा क्रम लावून पाहावा; लांब नाव रकान्यात अखंड राहते काय, हे पाहावे; आणि पृष्ठ वाचक-प्रणालीकडून मोठ्याने वाचून घ्यावे. या पाच गोष्टींना फार वेळ लागत नाही. प्रणालीचे देयक मंजूर करण्याआधी त्या सक्तीच्या केल्या, तर पुष्कळ परिपत्रकांनी न साधलेले साधेल.

यात ग्रामीण महाविद्यालयांचाही वाटा असू शकतो. मराठी विभागाचा विद्यार्थी आणि संगणकशास्त्राचा विद्यार्थी यांनी एकत्र बसून एखादा शासकीय अर्ज या कसोट्यांवर तपासला, तर तो दोन्ही विषयांचा अस्सल प्रकल्प होईल. बिडकीनच्या परिसरात उद्योग येतील, त्यांच्यासोबत नव्या प्रणाली येतील, आणि त्यांचे पहिले वापरकर्ते याच परिसरातील शेतकरी, कामगार व विद्यार्थी असतील. त्यांची नावे त्या प्रणालींत बिनचूक लिहिली जावीत आणि शोधल्यावर सापडावीत, ही अपेक्षा माफक आहे. ती पूर्ण करण्याची साधनेही आज उपलब्ध आहेत.